आठ महिन्यांचे आवाज

लिनक्सचे सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांकडे किस्से साठतात ते फजितीचेच. जे नीट चाललं, त्याचं कोण काय सांगणार? माझे बरेचसे घाटकोपरच्या एकाच क्लिनिकमधले. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार असतो, त्यांचा आवाज तिथे आधी रेकॉर्ड करून ठेवतात. सर्व्हरमध्ये दोन डिस्क, दोन्हींवर तेच. एक गेली तरी दुसरी आहेच, असं मीच तिथलं रेकॉर्डिंग बघणाऱ्या सावंत मॅडमना छातीठोकपणे सांगितलं होतं.

* * *

एक डिस्क जोडीतून गळाली, तिच्यावर नवं काही उतरेनासं झालं, आणि ते आठ महिन्यांनी कळलं. सर्व्हर रोज ईमेल पाठवत होता, नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या पत्त्यावर. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे हा रोज बोंबलत होता, आणि आवाजाच्या क्लिनिकमध्ये कुणाला ऐकू गेलं नाही."

* * *

गळालेली डिस्क काढायला गेलो. स्टिकर मीच लावले होते, एक आणि दोन. उलटे लागले होते. चांगली डिस्क बाहेर आली, आठ महिन्यांपूर्वीची आत राहिली. सर्व्हर चालू झाला, फोल्डर दिसले. काढलेली तपासली तर ठणठणीत. वाटलं, केबल सैल असेल. परत जोडली आणि दोन्ही सारख्या करायला लावल्या. जुनी डिस्क नव्या आवाजांवर स्वतःला उतरवत गेली, आणि मी समोर बसून टक्के बघत होतो.

* * *

शंभर टक्के झाल्यावर मॅडमना म्हणालो, झालं, झकास. त्यांनी मागच्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग शोधलं. नव्हतं. मग त्याआधीचं. एकेक महिना मागे जात राहिल्या.

अंधेरीच्या डेटा रिकव्हरीवाल्याने डिस्क दोन दिवस ठेवून घेतली. मग म्हणाला, "डिस्क खराब असती ना, तर अर्धवट पुसलेलं काहीतरी काढून दिलं असतं. ही एकदम चांगली आहे रे."

* * *

ज्यांचे आवाज गेले, त्यांतल्या बाकीच्यांना मॅडमनी फोन करून सांगितलं. दहिसरचे गायकवाड काका मात्र ऑपरेशननंतर काकूंना घेऊन थेट आले. नातीला मारलेली हाक रेकॉर्ड केली होती, ती न्यायला. माझ्या हातून पुसली गेली, हे मीच त्यांना सांगितलं. काकांनी गळ्यातल्या पाटीवर लिहिलं, "कुणी ऐकली होती?"

मॅडम म्हणाल्या, मी ऐकली होती.

"कशी होती?"

मॅडमनी आवाज जाड करून हाक मारली, "परीऽ, जेवायला ये गं."

काकूंनी मान हलवली. "एवढं गोड नाही हो. जरा खेकसून."

काकांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "पुन्हा."