चव रजिस्टर

पुसदहून उमरखेडकडे जाताना मधेच आत वळलं की आमची शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा, चौथीपर्यंतचे वर्ग. मुख्याध्यापकाचं काम माझ्याच गळ्यात. पोट्टे माझी नक्कल करतात याचा मला भारी तोरा होता. मी बाह्या दुमडल्या की पहिलीपासून चौथीपर्यंत सगळ्यांच्या बाह्या वर. मी हात धुताना नखं घासतो, म्हणून तेही घासत. बैठकांमध्ये मी छाती फुगवून सांगायचो, मुलांना सांगावं लागत नाही हो, आपण करायचं, ते बघून करतात. खोटं नव्हतं ते. तेच तर नडलं.

खिचडी शिजवणाऱ्या ताई बौद्ध वस्तीतल्या. नवरा वारलेला, एकुलती पोरगी आमच्याच शाळेत चौथीला. गुडघे गेलेले, त्यामुळे दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणं आता होत नव्हतं. शाळेची चूल हाच त्यांचा आधार. तांदूळ निवडताना एक खडा सुटायचा नाही त्यांच्या नजरेतून.

पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं खिचडी चाखायची आणि चव रजिस्टरात शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. ताई रोज ताटलीत घासभर खिचडी आणून माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि दाराशी थांबायच्या. मी लिहायचो, ‘चव घेतली. उत्तम.’ खाली सही. ताटली जशीच्या तशी परत. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “गुर्जी, एक घास तरी घ्या ना.” मी म्हटलं, “ॲसिडिटी आहे हो ताई. डॉक्टरनं बाहेरचं बंद केलं.” वर्गातले पोट्टे ऐकत होते. ताईंनी पुन्हा कधी विचारलं नाही, पण ताटली आणणंही सोडलं नाही.

ॲसिडिटी होती का? होती थोडी. पण संध्याकाळी स्टँडवरचे मिरचीभजे हाणताना ती कुठं मरायची? घरातलं वळण होतं ते, दुसरं काय! आमच्या घरी त्या वस्तीतलं पाणीसुद्धा चालायचं नाही. मी शिकलो, जयंतीला माईक धरून भाषणं ठोकली, पण तो घास काही तोंडात गेला नाही. सकाळी परिपाठाला पोरांकडून ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणवून घ्यायचो आणि दुपारी ताटली सरकवायचो. आणि हे मी स्वतःशीही कबूल करत नव्हतो, एवढा लबाड.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरीतली एक पोरगी घरून डबा घेऊन आली. म्हटलं, काहून गं, खिचडी नाही खायची? ती पोटावर हात ठेवून म्हणाली, “मले ॲसिडिटी हाये.”

हसलो मी. सात वर्षांची पोर अन् ॲसिडिटी! घरी जाऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. पुढच्या आठवड्यात पाच डबे आले, मग बारा. सगळ्यांना ॲसिडिटी. आयांनी बिनबोभाट डबे भरून दिले. पंगतीत एका बाजूला डबेवाले बसू लागले आणि दुसऱ्या बाजूला ताईंची पोरगी आणि तिच्या वस्तीतली चार-पाच पोरं. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. तरी मी काही बोललो नाही. बोलणार तरी कोणत्या तोंडानं?

मग पालकांची समिती बसली. अध्यक्ष म्हणाले, “पोट्टे खाऊन नाही राह्यले, मंग बाई कायले ठेवायची?” जातीचं नाव कोणी काढलं नाही. ते कोणी काढत नसतंच. खारट असते, कच्ची राहते, असंच सगळं बोलणं. ताई दाराशी उभ्या होत्या, जिथे रोज उभ्या राहायच्या तिथेच. त्या म्हणाल्या, “चव खराब असती तं गुर्जींनं लिहिलं नसतं का? रोज चाखून सही करतेत ते. गुर्जी, तुम्हीच सांगा ना.”

मी एकदाही चाखली नव्हती, हे त्या बाईपेक्षा चांगलं कोणाला माहीत होतं? तरी भर बैठकीत ती माझी लाज राखत होती. मला फक्त म्हणायचं होतं, चांगली असते. एवढंच. मी रजिस्टर उघडलं, चार पानं उलटली, आणि म्हणालो, “समिती ठरवेल ते.”

थू माझ्या जिंदगानीवर. ताई स्वयंपाकखोलीत गेल्या, पातेलं घासून पालथं घातलं, किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि लंगडत घरी गेल्या.

सोमवारपासून नवीन बाई आल्या. गावातल्याच, आमच्या नात्यागोत्यात बसणाऱ्या. डबे दोन दिवसांत बंद झाले, कोणाचीच ॲसिडिटी राहिली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी ताटली आणून ठेवली तेव्हा मी चौथीच्या वह्या तपासत होतो. तपासता तपासता हात ताटलीत गेला. एक घास, दोन घास. “मीठ बेताचंय,” म्हणालो, रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, ‘चव घेतली. उत्तम.’ सही करून मान वर केली तर समोर ताईंची पोरगी, वही घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभी.

तिनं रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. रुसवा नाही, राग नाही. उलट तिला बरंच वाटलं असावं.

“गुर्जी, तुमची ॲसिडिटी बरी झाली?”

मी नुसती मान हलवली.

“मायले सांगतो घरी,” ती म्हणाली. “तुम्हाले सोसावं म्हणून तिनं तिखट टाकणंच सोडलं होतं.”