सरोजिनीबाईंची जुई

सरोजिनीबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. नवरा लग्नानंतर लवकरच तापानं गेला, मूलबाळ नव्हतं. एकोणीसशे चौतीसच्या सुमारास त्यांनी नाशकात, बागवानपुऱ्याच्या कडेला दोन खोल्यांचं घर बांधलं. पुढं थोडी मोकळी जागा सुटली आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली: बाई तिथं काय लावणार?

त्यांचे दीर ढुंढिराज रामकुंडावर उपाध्येपण करत. ते आता येता-जाता डोकावू लागले.

"वहिनी, सोनचाफा लावा. सावली होईल, फुलं देवाला. जाईजुई नको. ती गजऱ्याची फुलं. लोक विचारतील, या घरात गजरे कुणासाठी?"

बाईंना जुईच हवी होती. खिडकीवर चढली की संध्याकाळी वाचत बसताना वास येईल, एवढंच. पण भावोजींना झाडाचा एवढा पुळका का, हे त्यांना कळेना. बोलता बोलता ते विचारत, "पुढं या घराचं काय करायचं ठरवलंय?" बाई चहा पुढं करत आणि घराचे कागद ठेवलेल्या कपाटाची किल्ली कनवटीला आहे ना, हे चाचपून बघत.

जुई लागली, खिडकीपर्यंत पोचली. एका सकाळी पाहतात तो वेल भुईवर लोळत होती.

शेजारच्या जैतुनबीची बकरी कुंपणातून तोंड घालायची. बाई तडक तिच्या दारात गेल्या. "तुझ्या बकरीनं माझी वेल खाल्ली!"

जैतुनबी येऊन बुंध्यापाशी उकिडवी बसली. "बाई, बकरी पानं खाते. इथं पानं तशीच हायेत. हे विळ्यानं कापलंय."

बाईंचा चेहरा उतरला. आता संशय कुणाकुणाचा घ्यायचा? शाळेला जाताना प्रत्येक दार त्यांना मिटल्या तोंडाचं वाटलं.

संध्याकाळी ढुंढिराज सोनचाफ्याचं रोप घेऊन आले. "गेली ना वेल? जाऊ द्या. खिडकीखालीच हे लावू."

"वेल गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे... गल्लीत बोलत होते."

"गल्लीत मी फक्त जैतुनबीशी बोललेय. ती आणि तुम्ही कधी बोलता?"

ढुंढिराजांनी उपरणं सारखं केलं, रोप उचललं आणि निघून गेले. कबुली मिळाली नव्हती आणि मिळणारही नव्हती.

जैतुनबीनं आपल्या अंगणातल्या जुईचा फाटा आणून दिला. या खेपेला बाईंनी तो खिडकीशी न लावता रस्त्यावरच्या फाटकाशी लावला. कापायचीच असेल, तर सगळ्यांदेखत कापा.

पुढल्या पावसाळ्यात फाटक पांढरं झालं. शाळेतल्या मुली ओंजळी भरून नेऊ लागल्या. हरतालिकेला ढुंढिराजांची बायकोही परडी घेऊन आली. बाईंनी परडी शिगोशीग भरून दिली, पण फाटकाची कडी काढली नाही.