मामंजींपुढचा पदर

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकाला तर मुळीच नाही. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगते — ओळखीच्या माणसापुढं जीभ रेटत नाही.

आधी आमचं घर सांगते. वैजापूरकडचं गाव, बौद्ध वस्ती, दोघी जावा एका अंगणात. सासूबाईंनी मला आणि धाकट्या शालनला आल्या आल्या बजावलं होतं, या घरात कुणापुढं डोकं झाकायचं नाही. मी कधी झाकलं नाही. लई ताठा होता मला त्याचा. अजून आहे — खोटं कशाला बोलू?

वस्तीमागं खडीची खदान. सुरुंग उडाला की फळीवरची भांडी खाली. शालनच्या घराची मागची भिंत फुगून आली होती. पंचनाम्यात भिंतीचे तडे लिहिले असते तर वस्तीजवळचे सुरुंग बंद झाले असते, पण पंचनामा करणारा सरकारी साहेब पैसे घेतल्याशिवाय लिहायला तयार नव्हता. मग मी शहरात जाऊन लाचलुचपतवाल्यांकडं तक्रार दिली. गावातल्या एकाही पुरुषाची छाती झाली नव्हती, मी दिली.

त्यांनी नोटांना पावडर लावली. खूण ठरली — साहेबानं पैसे हातात घेतले की मी डोक्यावर पदर घ्यायचा. मला हसूच आलं. म्हटलं, बरंय, माझ्याकडून चुकून तर होणार नाही.

ऐकताय ना? चुकून होणारच नव्हतं.

वैजापुरातल्या चहाच्या हॉटेलात साहेब समोर बसला आणि सहज म्हणाला, "मावशी, तुमचा संदीप खदानीवरच टिपर चालवतो ना?" एवढंच. धमकी होती का ती? का नुसती चौकशी? खदान थांबली तर लेकाचा टिपर थांबणार, हे मला आधी कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि पिशवीत घातलेला हात मी तसाच रिकामा बाहेर काढला. पैसे अजून माझ्या पिशवीतच होते. तेवढ्यात दारात आमचे चुलतसासरे दिसले. आणि मी — मी पदर घेतला. जाणूनबुजून घेतला.

दबा धरून बसलेली माणसं धावत आली. साहेबाचे हात धुतले. पावडर असती तर पाणी गुलाबी झालं असतं. ते होतं तसंच राहिलं. मी म्हटलं, मामंजी दिसले, सवयीनं हात गेला. शहरातल्यांना पटलं, गावालाही पटलं. कुणाच्या डोक्यावर काय असतं, ते पुरुषांना कुठं आठवतं? उलट कौतुकच झालं माझं, बाई निदान गेली तरी म्हणून. मी ते मुकाट्यानं घेतलं. मग ते खोटं टिकवायला मामंजी दिसले की दर खेपेला पदर घ्यायला लागले.

पंचनामा राहिला. शालनची भिंत पडली, ती तिच्या पायावर. ती आजही लंगडते.

पण पुढचं मला मान वर करूनच सांगायचंय. साहेब बदलला, नव्यानंही हात पसरला, आणि शालन त्याच लंगड्या पायानं शहरात गेली. मी सोबत होते. तिथं पुन्हा पदराचीच खूण सुचवली त्यांनी. शालन म्हणाली, "पदर नको. आमच्या घरात कुणालाच ती सवय नाय." माझ्याकडं तिनं बघितलं नाही. चष्मा पुसायची खूण तिनंच ठरवली. साहेब रंगल्या हातानं सापडला, वस्तीजवळचे सुरुंग थांबले, खदानही थांबली. संदीपच्या ज्या कामापायी मी पदर घेतला होता, ते शेवटी गेलंच.

आता मी लेकाकडं शहरात, उस्मानपुऱ्यात राहते. शालन येते, माझ्याच ताटात जेवते. शेजारणींना सांगते, सुरुवात आमच्या आक्कानं केली. मी गप्प बसते. लई अभिमान आहे मला तिचा.

तिला सगळं माहीत आहे. हॉटेलात मी पदर घेतला, त्या दिवसापासून.