सेल्फ फिरतो, पण गाडी उठत नाय

चांदवडच्या डोंगराखालून आमी निघालो तवा कोवळं ऊन पडलं व्हतं. मला ते अंगाला कळलं, दिसलं नाय. डावा डोळा जवानपणीच गेला. ह्याच आग्रा रोडची खडी फोडताना कपची उडाली ती थेट डोळ्यात. मालक (नवरा) आदल्या सालीच गेलेले, घरात दोन लेकरं. पट्टी बांधली अन् परत हातोडी धरली, दुसरं काय करणार?

उरलेल्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला व्हता. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, "दुपारच्या आत या आजी. आज ऑपरेशनचा शेवटचा दिवस. पुढचं शिबिर दिवाळीनंतर." तवर डोळा थांबंल का, ते त्यांनी सांगितलं नाय अन् मीबी विचारलं नाय.

गाडी माझ्या बहिणीच्या पोराची, सुदामाची. इंग्रजाच्या वेळची, भंगारातनं आणून त्यानं उभी केलेली. लग्नसराईत नवरदेव मिरवायला जाते. मला ती काळ्या म्हशीवानी दिसायची, तीबी धुक्यातली.

"मावशे, येष्टीत गचके खाशील. नवरदेवासारखी नेतो तुला."

"नवरदेव नको, टायमाला ने म्हणजे झालं."

सकाळीबी गाडी चार-पाचदा नुसती घरघरली, मंग उठली. पण एकदा उठली की काय चाल तिची! वडाळीभोई मागं पडलं तरी पोटातलं पाणी हाललं नाय. मी पायानं खाली दाबून बघायची, ह्या डांबराखाली माझी खडी कुठं आसंल.

पिंपळगाव वासानं कळलं. कांद्याचे ट्रॅक्टर बाजाराकडं रांग लावून उभे. सुदामानं टपरीशी गाडी लावली, बंद केली. आल्याचा चहा, गरम कांदाभजी. मनाला लय बरं वाटलं. परत बसलो, त्यानं बटण दाबलं अन् घर्रर्र... घर्रर्र... इंजिन गप.

"पुढनं हँडल घालून मार की."

"हँडल घरी हाय."

"घरी काय करतंय?"

"तुझ्या सुनेनं कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर लावलाय."

"मंग ढकल."

ढकलायला जागा कुठं? तवर मागं-पुढं ट्रॅक्टर लागले. नाशिकची येष्टी डोळ्यादेखत (म्हणजे सुदामाच्या) निघून गेली. एक ट्रॅक्टरवाला वरनं वरडला, "काय दाजी, नवरी रुसली का?" सुदामानं त्याला काय उत्तर दिलं ते इथं सांगत नाय.

टपरीशेजारीच सुदामाच्या वळखीच्या यासीन मिस्त्रीचं गॅरेज व्हतं. मिस्त्री आला, बिडी विझवली. माझ्याकडं बघून म्हणला, "माँजी, कुठं जायचं?"

"डोळ्याला. दुपारच्या आत."

"मंग बोलायचं कमी करू." अन् सुदामाला, "हॉर्न वाजव."

हॉर्न कसला, रेडाच हंबरला. "बॅटरी तगडी हाय. आता दिवे लाव अन् सेल्फ मार." सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. घर्रर्र झालं. "दिवे जरा दबले, विझले नाय. करंट पोचतोय. आता सगळे गप. परत मार."

मीबी कान दिला. मंग म्हणलं, "बाबा, ही आधी उठायची तवा घर्र व्हायच्या आत ठक वाजायचं. आता ठक नाय."

मिस्त्री हसला. "सुदामभाऊ, मावशीला ऐकू येतं अन् तुम्हाला नुसतं दिसतं." मंग मला समजावलं. सेल्फच्या दांड्यावर पिनियन असती (दातेरी लहान चाक). दांडा जोरात फिरला की ती आट्यांवरनं (स्क्रूवानी खाचांवरनं) सरकती, इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दातात दात घालती. त्योच ठक. "आता दांडा फिरतोय, पण चाक जागचं हालत नाय. स्प्रिंग तुटली, नायतर चाक चिकटलं. खोलल्याबिगर नाय कळायचं."

"किती येळ?" सुदामाचा आवाज बारीक झाला व्हता.

"तू बोलतोस तेवढा येळ जास्त."

पान्याचे आवाज झाले, अन् जड काय तरी खाली निघालं. मिस्त्रीनं हुंगलं. "हे काय तेल हाय? खायचं?" माझ्या नाकापुढं धरलं. मला लगेच कळलं. तिळाचं, अन् त्यात शेंदराचा वास.

सुदाम हळूच म्हणला, "मारुतीरायाचं हाय. दर शनिवारी देवाला तेल घालतो, उरलेलं गाडीला. कुरकुरत व्हती म्हणून सेल्फातबी सोडलं."

"अरे येड्या! तेलावर आग्रा रोडची धूळ बसली, चिकट लापशी झाली. देवाला तेल चालतं, ह्याला कोरडंच लागतं."

रॉकेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं. स्प्रिंग बघितली, धड व्हती. मंग त्यानं माझा हात धरून त्या चाकावर ठेवला. "फिरवा." मी फिरवलं अन् ते माझ्या बोटाखालनं आपसूक सरकलं, सोडल्यावर आपसूक मागं आलं. मला काटाच आला अंगावर. एवढंसं चाक! ह्या हत्तीला उठवतं, अन् गाडी उठली की मधी थांबत नाय, बाजूला होतं. सुईणीवानी. कोणी हे पहिल्यांदा मनात आणलं आसंल?

गाडी जोडली. बटण दाबलं. ठक! अन् इंजिन गरजलं. ट्रॅक्टरवाले सुदिक वरडले. मिस्त्रीला मी फडक्यातली बाजरीची भाकर अन् ठेचा दिला. त्यानं तिथंच उभ्या-उभ्या खाल्ला.

ओझर, आडगाव, सुदामानं कुठंच गाडी बंद केली नाय. दवाखान्याच्या दारातबी चालूच ठेवली. शिबिराची बाई म्हणली, "आजी, दार लावतच होतो."

दुसऱ्या दिशी पट्टी सोडली. काळा चष्मा घालून बाहेर आले, तर दारात एक गाडी उभी. काळी कुठली? पिकल्या जांभळाच्या रंगाची, अन् पत्र्यात नाशिकचं आभाळ.

"सुदामा, ही आपलीच?"

"मंग कोणाची, मावशे?"

येताना मिस्त्री बाजाराला गेलेला, भेट नाय झाली. त्याचं तोंड मला अजून ठाऊक नाय, हात तेवढे ठाऊक हायत.

वडाळीभोईच्या पुढं मी म्हणलं, "थांब. बंद कर."

"अन् उठली नाय तर?"

"कर बंद."

खाली उतरले. समोर चांदवडचे डोंगर, एकेक कडा वेगळा. पायाखाली रस्ता, काळा, सरळ, लांब गेलेला. ह्यानं माझा एक डोळा घेतला, अन् ह्याच्यावरनंच मी दुसरा घेऊन आले. खडी काय दिसली नाय. ती खाली हाय, तिच्यावरनं सगळे जातात, एवढं पुरं.

गाडीत बसले. सुदामानं बटणावर बोट ठेवलं अन् माझ्याकडं बघितलं. मी डोळा मिटून घेतला, कान दिला.

ठक.