सदर बाई मिळून आली नाही

कोतवाल साहेबराव सरकारचा कागद कधी चुकवत नसे. जळकोटजवळच्या त्या गावात वीस वर्षं त्यानं नोटिसा पोचवल्या, दवंड्या दिल्या. छप्पन साली दीक्षा घेताना बापानं हलगी टाकली ती टाकलीच, म्हणून दवंडी नुसत्या तोंडानं; पण आवाज असा खणखणीत, की म्हशीसुद्धा रवंथ थांबवत. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्यानंच ओरडून सांगितलं होतं, "कचेरी जवळ आली हो! आता आपलं गाऱ्हाणं लवकर ऐकतील!" दुसरं वाक्य त्यानं पदरचं घातलं होतं. सरकारनं तसं काही कबूल केलेलं नव्हतं.

मग दुष्काळ पडला, आणि त्यातच माळावर लाल-पांढरे खुंट ठोकले गेले. अणुभट्टीची पाहणी, म्हणे. माणसांना प्यायला पाणी नाही आणि भट्टीला नदीचा उरलासुरला डोह हवा! साहेबरावची बायको पंचशीला गावच्या बाया घेऊन खुंटांपुढं बसली. सरकारनं आधी समजूत घातली, मग जमावबंदी लावली, तीही साहेबरावच्याच तोंडून, आणि शेवटी या बायांच्या गल्लीत येणारा टँकर बंद केला. बाया हटल्या नाहीत. पंचशीलाचं मागणं एवढंच होतं, "सायबानं एकदा समोर बसवून इचारावं, तुमचं काय म्हणणं हाय. मग मी सांगते."

वैशाखात तिच्या नावाची नोटीस तहसिलातून त्याच्याच हाती पडली. वाटेत बाभळीखाली बसून त्यानं ती उघडली. पहिल्याच ओळीत 'हद्दपार' दिसलं. पुढं वाचवेना. कागद पोचलाच नाही तर हद्दपारी होईलच कशी? लोकांनी वीस वर्षं त्याच्याकडं हीच मेहरबानी मागितली होती. त्यानं कुणावरच केली नव्हती. आज त्यानं नोटिशीच्या पाठीवर लिहिलं, 'सदर बाई गावात मिळून आली नाही', खाली सही केली आणि नोटीस तहसिलात परत देऊन टाकली.

घरी आला तर सदर बाई भाकरी थापत होती. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

महिन्यानं हवालदार आला. शेजारच्या पाशामियाँ शिंप्याला त्यानं पंच म्हणून उभं केलं आणि हुकूम वाचला. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांतून दोन वर्षं हद्दपार. पंचशीलाचं माहेर भोकरचं. तेही बंद झालं.

"असं न इचारताच?" ती म्हणाली.

"इचारलं की. सुनावणीला बोलावलं होतं. तुमी फरार." हवालदारानं जुनी नोटीस पुढं केली.

पाशामियाँनं चष्मा लावून ती वाचली. 'हद्दपार का करू नये, याबाबत आपले म्हणणे समक्ष हजर राहून मांडावे.' "या अल्ला! भाबी, तारीख होती. आपुन समदं गाव घेऊन गेलो असतो."

त्यानं कागद उलटला. पाठीवरची सही पंचशीलाला ओळखता येत होती. लेकरांच्या प्रगतिपुस्तकांवर तीच असायची.

"तुला वाचवाया गेलो गं," साहेबराव दारातच मटकन बसला आणि पोरासारखा रडायला लागला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती आत जाऊन गाठोडं बांधून आली.

"सायबानं ऐकलं असतं का वो?" तिनं विचारलं.

हवालदाराला उशीर होत होता. त्यानं हुकूम साहेबरावच्या मांडीवर ठेवला, हातात पेन दिलं आणि काय लिहायचं ते सांगितलं. साहेबरावनं लिहिलं, 'सदर बाई घरी मिळून आली. हुकूम बजावला.' आणि खाली सही केली.