एव्हर्टचं जाकीट आणि मायवोरचा शब्द

स्वीडनमधल्या येम्टलांडच्या जंगलात एल्क हरणांच्या शिकारीचा आठवडा सुरू झाला, की टोळीप्रमुखाच्या शब्दापुढे कुणी जात नाही. त्यात प्रमुख एव्हर्ट, म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मायवोर सुंदेलिन टोळीत होती ती शेकोटीवर कॉफी उकळायला. सत्तावीस वर्षं तिनं जनावरांच्या दवाखान्यात काढली होती, पण ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. ती काही बोलू लागली, की एव्हर्ट म्हणे, "कुत्र्यांचं आम्ही बघतो गं." ती आतल्या आत धुमसे.

त्याची कुत्री तुस्सा काल हरणामागे गेली ती परतलीच नाही. मग त्यानं इथे सगळे करतात तेच केलं. तिला सोडलं होतं त्या जागी अंगातलं जाकीट पसरून ठेवलं. धन्याच्या वासावर कुत्रं परत येतं आणि तिथंच पडून राहतं. सकाळी तुस्सा खरंच जाकिटावर सापडली, आणि हा एवढा दांडगा माणूस ढसाढसा रडला.

पण शेकोटीपाशी येईतो तिच्या तोंडातून लाळेची धार लागली, पाय लटपटले आणि ती भडाभडा ओकली.

"पोट बिघडलंय," म्हणत एव्हर्टनं पाण्यात खायचा सोडा कालवला.

मायवोरनं ओकारीत काडी फिरवली. इवल्याशा पांढऱ्या पुड्या.

"थांब! जाकिटाच्या खिशात काय होतं?"

"काही नाही गं. सॉसेजचा तुकडा, आणि..." त्याचा हात आपसूक तंबाखूची पुडी दाबून फुगलेल्या स्वतःच्या वरच्या ओठाकडे गेला. "स्नूसची डबी."

"किती पुड्या होत्या?"

"नवी कोरी होती. सगळ्यात कडक."

"मग तो सोडा आधी फेक. सोड्यानं तंबाखूचं विष आणखी भराभर भिनतं."

"अगं, माझी जळजळ तर सोड्यानंच..."

"तुझी! तिच्या घशात एक थेंब जरी गेला ना, तर आज पहिली गोळी तुलाच घालीन."

अकरा पुरुषांदेखत एव्हर्टनं सोडा गवतात ओतला.

तो दवाखान्याकडे गाडी हाकत होता. मागे मायवोर एका हातानं तुस्साला धरून दवाखान्याला फोनवर सांगत होती: वजन अठ्ठावीस किलो, ओकारीत नऊ पुड्या, बाकीच्या पोटात, झटके सुरू झालेत. ते पोचले तेव्हा सलाईन, विष शोषून घेणारी कोळशाची पूड, झटक्यांचं औषध, सगळं तयार होतं. दुपारी तुस्सानं मान उचलली आणि एव्हर्टचा हात चाटला.

"सोडा दिला असता, तर बहुधा इथवर पोचलीच नसती," डॉक्टर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी टोळी जमली तेव्हा एव्हर्ट जमिनीकडे बघत पुटपुटला, "चूक माझी होती. यापुढे कुत्र्याला काही झालं तर माझं नाही, मायवोरचं ऐकायचं. मीसुद्धा."

मायवोरला इतकं बरं वाटलं, की तिला ते एकदाच ऐकून पुरेना.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही, एव्हर्ट."

तो उभा राहिला, टोपी काढली आणि मोठ्यानं पुन्हा म्हणाला.