शेपटाकडची जागा

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या ऑफिसात मी कामगारांच्या हजेरीचा तक्ता भरत होते. बाबा एवढंच म्हणाले, "मोठे बाबा गेले. नागपूरलाच." मी "बरं" म्हणाले. मग उरलेला तक्ता पूर्ण केला, सेव्ह केला, डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या ताईंना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिल्या, त्यावरून कळलं की हे आधी सांगायला हवं होतं… या गोष्टीला आता दीड महिना झाला. रडू अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत थांबण्यापेक्षा लिहावं असं वाटलं, कारण एक गोष्ट लोकांना सांगायची राहिली आहे आणि ती मला त्यांना तोंडाने सांगता येत नाही.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सिंदेवाहीला भाताच्या संशोधन केंद्रात त्यांनी सगळं आयुष्य काढलं, बरंचसं मचाणावर बसून. प्रयोगाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या वाफ्यांमध्ये, धान पिकायला लागलं की पाखरं उतरतात, आणि ती हाकायला एक माणूस लागतो. ते डबा वाजवायचे आणि मधल्या वेळात वाचायचे. एकदा त्यांना रद्दीवाल्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात एका बॉम्बफेकी विमानाचं पानभर चित्र होतं, कापलेल्या फणसासारखं आतून उघडं, आणि कोण कुठे बसतो त्याचे आकडे दिलेले. मोठ्या बाबांना मराठी झरझर वाचता यायचं, इंग्रजी नाही. मी तेव्हा चंद्रपूरला कॉन्व्हेंटमध्ये पाचवीत होते. सुटीत गेले की ते मला मचाणावर चढवायचे आणि पुस्तक मांडीवर ठेवायचे. "वाचा मॅडम. अन् मराठीत सांगा, आमी गावंढळ मानसं."

मी कुणाशी फारशी बोलत नसे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. पण त्या पुस्तकाचं मराठी करताना बोलायचे. बोलावंच लागायचं. मग मोठ्या बाबांनी त्याचा खेळ केला. लढाईत जायचंच असेल तर कोणती जागा घेणार आणि कोणत्या मुलखात? दोन्ही सांगायचं, आणि एकदा बसलं की उतरायचं नाही. मी नकाशा पाहणाऱ्याची जागा घेतली, इंग्लंडमधली. त्याला टेबल होतं, दिवा होता आणि भोवती पडदा. "म्हंजे तिथीबी अभ्यासच करशीन तू," ते म्हणाले. "अन् थंडी किती तिथी! मी तं बर्मात जाईन. जंगल, पाऊस, धान… आपलाच मुलूख व्हय." मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, खाली बांधावर जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिलाही त्यांनी ओरडून विचारलं. ती म्हणाली, "मी नाई बसत कुठीच. तुमी उतरल्यावर भात कोन वाढीन?"

बर्मा ठरला, पण जागा ठरेना. शेवटी त्यांनी शेपटाच्या टोकाला असलेल्या काचेच्या खोलीवर बोट ठेवलं. तिथे मागून येणाऱ्या विमानांवर लक्ष ठेवणारा बंदूकवाला बसतो. "याचं काय लिहून हाय?" मी वाचलं. एकटा, मागे, थंडी हे शब्द कळले. बाकीच्या चार-पाच ओळी कळल्या नाहीत. पण कळलं नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं. घरात इंग्रजी येणारी मी एकटीच होते, त्यामुळे ते म्हणायची सोयच नव्हती. मी सांगितलं, "इथून सगळ्यात छान दिसतं. आणि हा सगळ्यांपासून लांब असतो म्हणून याला काही होत नाही." मोठे बाबा खूश झाले. "मंग मी इथीच. मचाणासारखंच हाय हे." त्यानंतर दर सुटीत ते कुणालाही सांगायचे, मी शेपटाकडचा, बर्मातला.

दहावीच्या सुटीत तेच पान मी पुन्हा वाचलं. तिथे लिहिलं होतं की शत्रू पहिल्यांदा त्याच्यावरच गोळ्या झाडतो, त्याचं पॅराशूट त्याच्या हाताला लागत नाही, आणि या जागेवरून परत येणारे फार थोडे. मी पुस्तक मिटलं. मोठे बाबा समोर बसून विळ्याला धार लावत होते. पुस्तक पुन्हा फळीवर ठेवून मी आत गेले.

गेल्या पावसाळ्यात त्यांना भूक लागेनाशी झाली, डोळे पिवळे पडले. चंद्रपूरला तपासण्या झाल्या आणि चार पानांचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, पण तेव्हा आत बाबा होते आणि बाहेर येईपर्यंत त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. घरी आल्यावर रिपोर्ट माझ्या हातात आला. मोठे बाबा घरापुढच्या छपरीत खाटेवर होते. "वाचा मॅडम." या वेळी मला प्रत्येक शब्द कळला. आजार यकृतभर पसरला होता. तो बरा करण्याचा इलाज उरला नव्हता, फक्त त्रास कमी करता आला असता, आणि तेही घरी राहून चाललं असतं. नागपूरला एक उपचार होता, त्याने झालेच तर थोडे दिवस वाढले असते.

मी म्हटलं, "नागपूरला उपचार आहेत."

"म्हंजे तिकडं गेलो तं बरा होईन. अन् इथी राह्यलो तं नाई. असंच ना?"

मी होकाराची मान हलवली.

घरच्या बांधीत धान लोंबीवर आलं होतं. त्यांना जायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. मोठ्या आईलाही दिसत होतं. पण ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोरगी वाचून सांगून राह्यली तं जा ना." ते गेले. सात आठवडे नागपूरच्या वॉर्डात होते. धान कापलं, घरी आलं, त्यांनी पाहिलं नाही.

शेवटच्या रविवारी मी भेटायला गेले होते. आवाज बारीक झाला होता. मोठी आई पाणी आणायला गेली तेव्हा ते म्हणाले, "शेपटाकडचा मानूस वाचत नाई ना वं?"

मी पिशवीतून सफरचंद काढायला लागले.

"मोबाईलवर पाह्यलं मी. हिंदीत सांगत होता एक जन. दोन वर्सं झाले."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू लय मन लावून सांगतलं होतं…" ते थोडं हसले. "अन् एकदा बसलो तं बसलो."

मला तेव्हा रिपोर्टबद्दल विचारायचं होतं. तोही तुम्हाला माहीत होता का? माहीत असूनही माझी मान हलली म्हणून इथे आलात का? मोठी आई पाणी घेऊन आली, आणि मी त्यांना सफरचंद कापून दिलं. त्यांनी एकच फोड खाल्ली. चौथ्या दिवशी ते गेले.

लोक म्हणतात, सगळं केलं तुम्ही, नागपूरपर्यंत नेलं. मी मान हलवते. माझ्यामुळे एका माणसाचे शेवटचे सात आठवडे त्याच्या घराबाहेर गेले, हे त्यांना माहीत नाही. मोठ्या आईलाही नाही. निदान मागच्या शनिवारपर्यंत नव्हतं.

शनिवारी मी सिंदेवाहीला गेले. मोठ्या बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी आणलेल्या खुर्च्या परत गेल्या होत्या, छपरी मोकळी होती. खाट तिथेच आहे, त्यावर कुणी बसत नाही. मोठ्या आईने गावातल्या तपासणी शिबिरात रक्त तपासायला दिलं होतं, त्याचा कागद तिने माझ्यापुढे धरला. मी उभीच होते. म्हणाले, "मोठी आई, आधी एक सांगायचं आहे." आणि तो चार पानांचा रिपोर्ट मी तिला सांगितला, जसा होता तसा. मध्ये दोनदा थांबले. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही, फक्त सावकाश झाला.

एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "मले सांगाचं होतं. मी ठेवलं असतं घरी."

"हो."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. सूप बाजूला ठेवलं, खाटेवरची चादर सरकवून मला बसायला जागा केली आणि स्वतःचा कागद पुन्हा माझ्या हातात दिला. मी बसले आणि एकेक ओळ वाचायला लागले. साखर वाढलेली होती. "वाढली आहे," मी म्हटलं. "किती?" "बरीच." त्याखाली एक शब्द होता, तो मला येत नव्हता.

"हे मला कळत नाही," मी म्हणाले.

"मंग त्याच्याखाली रेघ मार," मोठी आई म्हणाली. "डॉक्टरले विचारू. पुढचं वाच."